प्राग नगरींत तीन दिवस

परदेशगमनाचीं वर्णनें वाचण्याची हौस आपल्याकडे घरोघरीं आहे. हीं वर्णनें बहुधा दोन प्रकारचीं असतात. एक विद्वानांचीं, ते परिषदेस वगैरे जातात व त्यांचा खर्च परभारें भागतो. दुसरीं श्रीमंतांचीं, त्यांस खर्चाची गणतीच नसते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या गृहस्थानें मोजकें द्रव्य गांठीस बांधून, जेथील भाषा येत नाहीं व जेथें ओळखीचें एकही माणूस नाहीं अशा नगरींत सहधर्मचारिणीसह तीन दिवस काढावे, ह्यांत लिहिण्याजोगें काय असणार, असें प्रथम मलाही वाटलें होतें. परंतु त्या तीन दिवसांत मला जी एक गोष्ट शिकावी लागली ती इतकीं वर्षें अध्यापन करूनही मला उमगली नव्हती. आणि एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या पुष्कळांस ती उपयोगी पडेल अशी खात्री झाल्यामुळें हा लेखनप्रपंच केला आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं सहकुटुंब राहतात. सन २०२४ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. ड्रेस्डेनहून झेक देशाची राजधानी प्राग ही आगगाडीनें सुमारें अडीच तासांच्या अंतरावर आहे. तेथील नगरभवनाच्या भिंतीवर एक सहाशें वर्षांपूर्वींचें ज्योतिषविषयक घड्याळ आहे. पंचांगगणिताचा मला पहिल्यापासून नाद; तेव्हां इतक्या जवळ येऊन तें न पाहतां परतणें म्हणजे पंढरपुरास जाऊन कळसाचें दर्शन घेऊन माघारीं फिरण्यासारखें होय, असें मीं चिरंजीवांस सांगितलें. त्यांनीं बरोबर येण्याची व सर्व खर्च करण्याची तयारी दाखविली. दोन्ही गोष्टी मीं नाकारिल्या. आम्ही दोघेंच जाऊं व आमच्याच पैशांत जाऊं, असा माझा हट्ट. सौ.चें मत विचारावें हें मात्र माझ्या ध्यानांतही आलें नाहीं. मी जाणार म्हणजे ती येणार, हा आमच्या घरचा आजवरचा परिपाठ.

झेक प्रजासत्ताक २००४ सालीं युरोपीय संघांत आलें. जर्मनीसाठीं मिळालेला शेंगेन परवाना तेथेंही चालतो. नाणें मात्र त्यांचें स्वतःचें. त्यास कोरुना म्हणतात. त्या वेळच्या भावानें एक कोरुना म्हणजे सुमारें साडेतीन रुपये पडत. गाडीचें व बिऱ्हाडाचें भाडें आगाऊ देऊन झाल्यावर, जेवणखाण, नगरांतील वाहनें व इतर सर्व खर्च ह्यांसाठीं दोघांस मिळून तीन दिवसांचे तीन हजार कोरुना मीं नेमून दिले आणि ते माझ्या कोटाच्या आंतल्या खिशांत ठेविले.

बुधवार, ८ मे रोजीं सकाळीं आम्ही निघालों. ड्रेस्डेन सोडल्यावर गाडी एल्ब नदीच्या कांठाकांठानें जाते. दोहों बाजूंस वालुकापाषाणाचे उंच कडे, मध्यें नदी, आणि पाण्यालगत लाल कौलांचीं गांवें. सरहद्द ओलांडली कीं त्याच नदीस लाबे म्हणतात. पुढें तिला मिळणारी व्ल्तावा नामक नदी लागते व तिच्या सोबतीनें गाडी प्रागला पोंचते. नदी एक, देश बदलतांच नांव दुसरें, ह्याचें सौ.ला मोठें नवल वाटलें. आमचा उभयतांचा जन्म कृष्णाकांठीं गेला. नदी दिसली कीं तिला नमस्कार करण्याची सौ.ची रीत तिनें तेथेंही सोडली नाहीं.

प्राग हें नांव आपण इंग्रजींतून घेतलें. तेथील लोक आपल्या नगरीस प्राहा म्हणतात. लिबुशे नांवाच्या राजकन्येनें आपल्या माणसांस सांगितलें कीं, अरण्यांत एक मनुष्य घराचा उंबरठा तासतांना दिसेल, तेथेंच नगर वसवा, त्याची कीर्ति ताऱ्यांस भिडेल. अशी त्यांची दंतकथा आहे. त्यांच्या भाषेंत उंबरठ्यास प्राह म्हणतात. मीं ही कथा गाडींत सौ.ला सांगितली. ती म्हणाली, "उंबरठ्यावरून गांवाचें नांव ठेवणारी बाईच असणार."

स्थानकावर उतरतांच मीं यंत्रांतून बहात्तर तासांचीं दोन तिकिटें घेतलीं. प्रत्येकीं ३३० कोरुना पडले. ह्या एका तिकिटावर तीन अहोरात्र ट्राम, मेट्रो, बस, कशांतूनही कितीही वेळां फिरतां येतें. थोडक्या पैशांत नगर पाहणाऱ्यास ही फार सोयीची गोष्ट आहे. मात्र तिला एक अट आहे. पहिल्या प्रवासाच्या आरंभीं तिकीट पिवळ्या पेटींत घालून त्यावर दिनांक व वेळ उमटवून घ्यावी लागते. तोंवर त्या कागदास किंमत नाहीं. मेट्रोच्या जिन्यापाशीं सौ. थबकली व म्हणाली, "अहो, ती मंडळी त्या पिवळ्या पेटींत कांहीं तरी घालताहेत." मीं उत्तर दिलें, "तिकीट विकत घेतलें म्हणजे झालें. तूं चल." मी पुढें चालूं लागलों.

दोन स्थानकें गेल्यावर साध्या वेषांतील एका गृहस्थानें बिल्ला दाखवून तिकिटें मागितलीं. माझें तिकीट कोरें. मी इंग्रजींतून वाद घालूं लागलों. वयाचा, परदेशाचा, शिक्षकी पेशाचा दाखला दिला. त्यानें शांतपणें भिंतीवरील सूचनेकडे बोट केलें. ती इंग्रजींतही होती. इतक्यांत सौ.नें आपलें तिकीट पुढें केलें. त्यावर ठसा होता! मी पाठ फिरवितांच तिनें तें त्या पेटींत घातलें होतें. "माझें मीं घातलें. तुमचें तुमच्या खिशांत होतें," ती म्हणाली, आणि मग हळूच, "दंड भरा. चूक आपली आहे." दंडांत आमची एका दिवसाची तरतूद गेली.

दुसरी अडचण पुढेंच उभी होती. ८ मे हा त्या देशांत महायुद्धाच्या समाप्तीचा स्मरणदिन. त्या दिवशीं मोठीं दुकानें कायद्यानें बंद असतात. दूध, पाव, फळें घेऊन बिऱ्हाडीं कांहीं तरी करून खाऊं हा माझा बेत तेथेंच संपला. उघड्या होत्या त्या खाणावळी प्रवाशांच्या वाटेवरच्या. त्यांचे दर पाहून मी मागें सरलों. होलेशोवित्से नांवाच्या भागांत एका वृद्ध बाईंच्या घरची मागची खोली आम्हीं घेतली होती. तेथें पोंचल्यावर मी खिडकीशीं न बोलतां बसून राहिलों. सौ.नें पिशवी उघडली. निघतांना जिच्यावरून मीं तिची थट्टा केली होती तीच ती पिशवी. तींतून दशम्या, दाण्याची चटणी, मेतकूट व मूठभर तांदूळ निघाले. चुलीची सोय होती. अर्ध्या तासांत मऊ भात व मेतकूट पुढें आलें.

जेवण झाल्यावर तिनें हात पुढें केला व म्हटलें, "उरलेले पैसे इकडे द्या."

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या घरांत एके काळीं अकरा पानें वाढलीं जात. माझें वेतन एकटें. महिन्याच्या एक तारखेस मी तें सौ.च्या हातीं देत असें आणि आपण उत्तम रीतीनें संसार चालवितों अशा समाधानांत राहत असें. तें वेतन तीस तारखेपर्यंत कसें पुरतें, हें मीं कधीं विचारलें नाहीं. अंदाजपत्रक ह्या शब्दाचा विग्रह मीं वर्गांत अनेकदां करून दाखविला. त्याचा अर्थ मात्र त्या रात्रीं कळला. तेराशेंच्या आसपास कोरुना उरले होते. सौ.नें त्यांच्या तीन पुड्या केल्या: एक गुरुवारची, एक शुक्रवारची, आणि एक, "न सांगतां येणाऱ्या खर्चाची." मग बाईंच्या सुनेकडे गेली. त्या मुलीस इंग्रजी चांगलें येत होतें. सौ.चें इंग्रजी दहावीपर्यंतचें. परंतु भाव कसा, चांगलें कोठें मिळतें आणि फसवणूक कोठें होते, हे तीन प्रश्न विचारावयास तेवढें पुरलें.

त्या चौकशींतून जें मिळालें तें वाचकांच्या सोयीसाठीं सांगतों. नळाचें पाणी पिण्यास उत्तम. बाटली भरून निघावें. कामाच्या दिवशीं दुपारीं बहुतेक खाणावळी बाहेर फळा लावून ठराविक जेवण स्वस्तांत देतात; मुख्य जेवण तेव्हांच करावें आणि मुख्य चौकापासून चार गल्ल्या दूर जाऊन करावें. शाकाहारी माणसानें तळलेलें चीज व बटाटे, किंवा किसलेल्या बटाट्याचें लसूण घातलेलें धिरडें मागावें. त्यांत व बाहेरील आवरणांत अंडें असतें, तें ज्यांस चालत नाहीं त्यांनीं आधीं विचारावें. आम्हीं विचारलें, आणि उकडलेले बटाटे, पाव, कोबी व दही ह्यांवर भागविलें. रस्त्यावरील सराफाकडे पैसे बदलूं नयेत. आणि फसगत झालीच तर २०१९ पासूनच्या कायद्यानें एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आंत रद्द करतां येतो, म्हणून पावती जपावी. दांड्यावर गुंडाळून भाजलेलें जें गोड पक्वान्न जागोजाग 'प्राचीन' म्हणून विकतात, त्याची तेथील लाट अलीकडचीच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नगरींत जें सर्वांत सुंदर आहे तें पाहण्यास पैसे पडत नाहींत. फक्त पहांटे उठावें लागतें.

पहांटे उठण्याचें आम्हांस काय भय? गुरुवारीं साडेपांचाच्या सुमारास आम्ही चार्ल्सच्या पुलावर होतों. सम्राट चवथा चार्ल्स ह्यानें १३५७ सालीं ह्याची पायाभरणी केली. पूल दगडी, सोळा कमानींचा, अर्ध्या किलोमीटरहून किंचित् लांब. दोहों कठड्यांवर साधुसंतांच्या तीस मूर्ति अथवा मूर्तिसमूह. दिवसां येथें पाय ठेवण्यास जागा नसते. त्या वेळीं आम्ही दोघें, एक झाडूवाला, आणि नदींत राजहंस, एवढेंच. मीं सौ.ला पायाभरणीच्या मुहूर्ताची कथा सांगितली. १३५७ सालीं, नवव्या दिवशीं, सातव्या महिन्यांत, पांच वाजून एकतीस मिनिटांनीं पहिला दगड बसविला अशी तेथील परंपरा आहे; कारण १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ असे विषम अंक चढत जाऊन उतरत येतात. ज्योतिष्यांनीं काढून दिलेला मुहूर्त म्हणतात तो हा.

सौ. कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "आज चहासाठीं कोणी खोळंबलेलें नाहीं." थोड्या वेळानें म्हणाली, "आपल्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षीं काशीला जायचें ठरलें होतें, आठवतें? दोन तिकिटें होतीं. तुम्ही आईंना अन् आत्याबाईंना पाठवलेंत."

मला आठवत होतें. वडील माणसांस आधीं यात्रा घडावी, ह्यांत मला तेव्हां कांहींच चुकीचें वाटलें नव्हतें. आजही तें चुकीचें होतें असें मी म्हणत नाहीं. मीं विचारलें, "मग तेव्हां बोलली कां नाहींस?"

"तुम्ही विचारलें कुठें?" तिच्या स्वरांत राग नव्हता. पंचांगांतील तिथि सांगावी तसें तिनें तें सांगितलें. अडतीस वर्षांत आम्ही दोघेंच, पुढें वडील माणूस नाहीं व मागें मूल नाहीं, असे एखाद्या रस्त्यानें चाललों होतों का, ह्याचा मी मनाशीं शोध करूं लागलों. इस्पितळाची वाट सोडली तर दुसरी आठवेना.

त्या दिवशीं आम्हीं पुष्कळ पाहिलें. टेकडीवरील राजवाड्याचीं प्रांगणें फिरण्यास मोफत आहेत. तेथील संत व्हीटसचें महामंदिर १३४४ सालीं बांधावयास घेतलें व १९२९ सालीं पुरें झालें. पिढ्यानुपिढ्या घरबांधणी चालविणाऱ्या आपल्या कुटुंबांस ह्यावरून धीर यावा! जुन्या नगरांत १३४८ सालीं स्थापिलेलें विश्वविद्यालय आहे. प्रागच्या जर्मन विश्वविद्यालयांत मोरिझ विंटरनित्झ हे संस्कृताचे अध्यापक होते; भारतीय वाङ्मयाचा त्रिखंडात्मक इतिहास लिहिणारे ते हेच. महाभारताची चिकित्सक आवृत्ति निघाली पाहिजे हा विचार त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वत्परिषदेपुढें मांडला होता. तें कार्य पुढें पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं आरंभिलें व १९६६ सालीं सिद्धीस नेलें. ज्या ग्रंथाचे पाठ आम्हीं पुण्यास जाऊन धुंडाळले, त्याच्या मागचा एक धागा ह्या गल्ल्यांतून गेला होता, हें आठवून परकी नगरी थोडी आपलीशी वाटली.

शुक्रवार, १० मे, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस घराबाहेर गेला ह्याची सौ.ला रुखरुख होती. सकाळीं तिनें खोलींत पाण्यानें भरलेला पेला ठेवून पितरांचें स्मरण केलें, मग आम्ही घड्याळाकडे गेलों.

दर तासाला घड्याळावरच्या दोन झरोक्यांतून बारा धर्मदूतांच्या प्रतिमा फिरतात, मृत्यूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवितो, शेवटीं कोंबडा आरवतो. हें सर्व मिनिटाभरांत आटोपतें आणि लोक निघून जातात. वस्तुतः जें पाहावयाचें तें त्यानंतर निवांत दिसतें. मुख्य तबकडी १४१० सालची. ती कादानच्या मिकुलाश नांवाच्या कारागिरानें घडविली, गणित व ज्योतिष ह्यांचा अध्यापक यान शिंदेल ह्याचें त्यास साह्य होतें. १९४५ च्या मे महिन्यांत, युद्धाच्या अगदीं शेवटच्या दिवसांत, नगरभवनास आग लागून घड्याळाची फार नासधूस झाली. १९४८ सालीं तें पुनः चालूं झालें.

ह्या तबकडीच्या मध्यभागीं पृथ्वी आहे. भोंवतीं राशिचक्र फिरतें. त्यावरून एक सोन्याचा सूर्य व एक अर्धा काळा, अर्धा रुपेरी चंद्र जातो, आणि चंद्राचा गोळा स्वतः फिरून तिथीप्रमाणें कला दाखवितो. कालगणना तिच्यांत तीन प्रकारच्या आहेत. एक, आपल्या नेहमीच्या तासांची. दुसरी, जुन्या झेक रीतीची. तींत दिवस सूर्यास्तापासून मोजतात व सूर्यास्ताबरोबर चोविसावा तास संपतो. आपण सूर्योदयापासून मोजतों, ते सूर्यास्तापासून, इतकाच भेद. तिसरी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिनमानाचे सारखे बारा भाग करण्याची. प्रागमध्यें उन्हाळ्यांतील मोठा दिवस सोळा तासांहून अधिक व हिवाळ्यांतील लहान दिवस आठ तासांच्या आसपास. त्यामुळें ह्या मापाचा एक तास जूनमध्यें ऐंशी मिनिटांचा, तर डिसेंबरांत चाळीस मिनिटांचा होतो. आपल्या पंचांगांतील दिवसाच्या होरा ह्याच जातीच्या. होरा हा शब्दही ग्रीकांकडून आपल्याकडे आला.

हें सर्व मी मोठ्या उत्साहानें सांगत होतों. सौ.नें पिशवींतून लहान पंचांग काढलें, त्यांत पाहिलें, पुनः वर पाहिलें व म्हटलें, "आपल्याकडे आज रवि मेषेस अन् चंद्र वृषभेस. दोघेही उच्चीचे, म्हणून तर अक्षय्य तृतीया मोठी. इथें रवि वृषभेंत दिसतो अन् चंद्र मिथुनेंत. मग कोणाचें खरें?"

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मीं सांगितलें: दोघांचेंही खरें. हें घड्याळ वसंतसंपातापासून राशि मोजतें. आपलें पंचांग स्थिर नक्षत्रांपासून मोजतें. संपातबिंदु हळूहळू मागें सरकत असतो. आज ह्या दोन आरंभबिंदूंत सुमारें चोवीस अंशांचें अंतर पडलें आहे. म्हणून आकाशांतला सूर्य एकच असून येथें वृषभेंत व आपल्याकडे मेषेंत.

"म्हणजे कुठून मोजायला लागलों त्यावर आहे," ती म्हणाली. मीं मान डोलविली. ज्या विषयावर मी जन्मभर बोलत आलों, त्यांत तिला गति आहे हें मला ठाऊक नव्हतें. "हें केव्हां शिकलीस?" "तुम्ही ओसरीवर मुलांना शिकवायचात. स्वयंपाकघर कांहीं फार लांब नव्हतें."

चौकाच्या पलीकडच्या टिन मंदिरांत टायको ब्राहे ह्या ज्योतिर्विदाची समाधि आहे. तो १६०१ सालीं प्रागमध्यें वारला. मंगळाच्या गतीचे त्यानें घेतलेले वेध केप्लरच्या हातीं आले व त्यांच्या आधारें, ग्रह वर्तुळांत नव्हे तर दीर्घवर्तुळांत फिरतात, हा सिद्धांत केप्लरनें १६०९ सालीं प्रसिद्ध केला. एकानें आयुष्यभर पाहून नोंदून ठेवावें आणि अर्थ दुसऱ्यानें लावावा! त्या दगडापुढें मी बराच वेळ उभा राहिलों, आणि खरें सांगावयाचें तर मनांत ज्योतिष नव्हतें.

सायंकाळीं घरधनीण बाईंनीं आम्हांस आंत बोलाविलें. आज आमचा सण आहे असें सौ.नें सुनेस सांगितलें होतें. बाई ताज्या दह्यासारख्या चक्क्यांत पीठ मळून, आंत स्ट्रॉबेरी भरून, गोळे करून उकळत्या पाण्यांत सोडतात. वर लोणी व साखर. हें त्यांचें घरगुती गोडाचें जेवण. सौ.च्या विनंतीवरून त्यांनीं अंडें घातलें नाहीं. सौ. बाह्या सावरून शेजारीं बसली व पारी करूं लागली. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. परंतु मोदक वळणारा हात पाहून बाईंनीं जें म्हटलें त्याचा अर्थ कोणासही कळला असता.

मी टेबलाशीं बसून शब्द विचारीत होतों. सून म्हणजे त्यांच्या भाषेंत स्नाखा. आपली संस्कृतांतील स्नुषा, जिची मराठींत सून झाली. विधवेस व्दोवा, आकाशास नेबे म्हणजे आपलें नभस्, मधास मेद म्हणजे मधु, दिवसास देन म्हणजे दिन. दोन म्हणजे द्वा, दहा म्हणजे देसेत. वाचकांनीं ह्यावरून झेक भाषा संस्कृतापासून निघाली असें समजूं नये; दोन्ही एका प्राचीन मूळ भाषेच्या लेकी आहेत, एकीचें माहेर एक पण सासर दूर. शेवटीं मीं घर कशास म्हणतात तें विचारलें. बाई भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "दूम."

मी चपापलों. आम्हीं मुलांस दंपती शब्द शिकविला तो असा: जाया व पति ह्यांचा द्वंद्व समास, आणि जायाशब्दास दम् असा आदेश. वैयाकरणांची ही व्यवस्था मीं कित्येक वर्गांकडून घोकून घेतली. परंतु वेदांत दम म्हणजे घर. आणि भाषाशास्त्रज्ञ म्हणतात कीं दंपती म्हणजे घराचे धनी. द्विवचन आहे, धनी दोन आहेत! हें मीं पूर्वीं पुस्तकांत वाचलें होतें. परंतु त्या परक्या स्वयंपाकघरांत, हाताला पीठ लागलेल्या सौ.कडे पाहतांना, द्विवचनाचा अर्थ मला प्रथमच कळला. चाळीस वर्षें मी द्विवचन चालविलें तें फळ्यावर. घरांत मीं एकवचनच चालविलें.

शनिवारीं सकाळीं निघतांना सौ.नें हिशेब मांडला. तिसरी पुडी जवळजवळ तशीच होती. त्यांतून तिनें बाईंच्या सुनेसाठीं फुलें घेतलीं व उरलीं तीं नाणीं माझ्या हातावर ठेविलीं. मीं तीं परत तिच्या पिशवींत टाकिलीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत गुण पुष्कळ आहेत. त्याच्या आधारावरच माझ्यासारख्याचें शिक्षण झालें व आईवडिलांचें वार्धक्य सुखांत गेलें. परंतु त्यांत एक उणीव राहून जाते. घरांत प्रत्येकाचें स्थान ठरलेलें असतें, आणि त्या स्थानावरून एकमेकांकडे पाहण्याची इतकी संवय होते कीं, शेजारचें माणूस काय जाणतें, काय इच्छितें, हें विचारण्याची वेळच येत नाहीं. जेथें दोघांसही कांहींच ठाऊक नाहीं अशा ठिकाणीं गेल्यानें तें स्थान सुटतें. त्यासाठीं प्रागच पाहिजे असें नाहीं. तीन दिवस, थोडे पैसे व अपरिचित गांव एवढें पुरे. म्हणून घरांतील वडील मंडळींस माझी विनंति आहे कीं, गुडघे चालत आहेत तोंवर घरांतल्या जोडप्यांस आळीपाळीनें असें पाठवावें, आणि काशीचीं दोन तिकिटें असतील तर एकदां विचारून पाहावें.

परत आल्यावर आम्हीं काशीचीं दोन तिकिटें काढलीं. कोणत्या दिवशीं निघावयाचें हें मीं विचारलें. तिनें पंचांग पाहून सांगितलें.